मुंबई बेट खंडाने घेणारा हकीम-सौदागर

आज मुंबईत दहा बाय पंधराचा गाळा भाड्याने घ्यायचा म्हटले तरी माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. अंधेरीला असो की घाटकोपरला, डिपॉझिटचा आकडा ऐकून तरुण कारागीर परत फिरतो. पण याच मुंबईत एक गृहस्थ असा होऊन गेला की त्याने एखादा गाळा नव्हे, अख्खे मुंबई बेटच वार्षिक खंडाने घेतले होते. तो राजा नव्हता, सरदार नव्हता, लष्करातला सेनापतीही नव्हता. पेशाने तो वैद्य होता आणि जोडधंदा म्हणून व्यापार करीत होता. त्याचे नाव गार्सिया द ऑर्टा.

हे नाव आपल्या व्यापारी बांधवांपैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. इतिहासाच्या पुस्तकात पोर्तुगीज म्हटले की तोफा, गलबते आणि किल्ले एवढेच येते. पण ऑर्टाची हकीकत दुकानदाराने आणि कारागिराने वाचावी अशी आहे. माल कसा ओळखावा, ऐकीव गोष्टीवर किती विसंबावे आणि कमावलेल्यापैकी मागे काय उरते, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात आहेत.

वतन सुटले ते असे

ऑर्टाचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. वडील व्यापारी होते. घराणे मूळचे स्पेनमधले यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तिथेही सुख लाभले नाही. १४९७ साली पोर्तुगालमध्ये यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा घराण्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नसे आणि शेजारीपाजारी व धर्माधिकारी त्यांच्यावर कायम नजर ठेवून असत.

मुलगा हुशार निघाला. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत तो वैद्यक शिकला. १५२६ साली त्याला पोर्तुगालमध्ये वैद्यकीचा परवाना मिळाला आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात तो शिकवूही लागला. नोकरी चांगली होती, मान होता. तरीही मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सु द सौझा या दर्यासारंगाच्या ताफ्याबरोबर त्याने हिंदुस्थानचा रस्ता धरला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तो गोव्याला उतरला. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन सुरू होणार अशी हवा तेव्हा होती आणि १५३६ साली ते सुरू झालेही. नवा ख्रिस्ती असलेल्या माणसाला दूरचा मुलुख का बरा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

तो आला त्याच वर्षी आपल्या भागाचेही नशीब पालटले. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई त्यांच्या हवाली केली. वसईबरोबर मुंबईची बेटे आणि साष्टी बेटही गेले. साष्टी म्हणजे आजची आपली उपनगरे. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी त्या बेटावरची गावे. त्या काळी इथे भातशेती, मिठागरे, ताडमाड आणि डोंगराच्या पायथ्याला जंगल होते. ऑर्टा या बाजूला फिरलेला होता. साष्टीतल्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. दगडात खोदलेली शेकडो घरे आणि पावसाचे पाणी साठवणारी टाकी यांचे त्याने जे वर्णन केले आहे, ते बोरीवलीच्या कान्हेरीचे आहे हे वाचताक्षणी कळते.

निजामशहाच्या दरबारात

गोव्यात ऑर्टाची वैद्यकी जोरात चालली. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याच्याकडून औषध घेत. पण त्याचा सर्वात मोठा कदरदान निघाला तो अहमदनगरचा (या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) पहिला बुऱ्हाण निजामशहा. हा चांदबीबीचा आजोबा. १५५३ मध्ये वारेपर्यंत त्याची आणि ऑर्टाची दोस्ती टिकली.

निजामशहाच्या पदरी अरबी, इराणी आणि तुर्की हकीम होते. इब्न सीनाचा 'कानून' त्यांना पाठ. ऑर्टा त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसे. बादशहाला स्वतःलाही या विषयाची गोडी होती. त्याने ऑर्टाला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि ऑर्टाने त्याला लॅटिन नावे सांगावीत, असा दोघांचा क्रम होता. एक गादीवरचा सुलतान, दुसरा परमुलुखातून आलेला वैद्य, आणि दोघे एकमेकांचे शागीर्द.

पैशाच्या दृष्टीनेही हा दरबार ऑर्टाला फळला. या दरबारातल्या उपचारांबद्दल आपल्याला बारा हजारांहून अधिक पारदाव मिळाले, असे त्यानेच नोंदवले आहे. पारदाव हे तेव्हाचे गोव्यातले नाणे. दर वर्षी काही महिने येऊन राहशील तर चाळीस हजारांचे उत्पन्न लावून देतो, असेही निजामशहा म्हणाला होता. ऑर्टाने ते घेतले नाही. ये-जा ठेवली, पण बांधून घेतले नाही. व्यापारी माणसाला ही गोष्ट समजेल. एकाच गिऱ्हाइकावर सगळे दुकान टेकवले की ते दुकान आपले राहत नाही.

खंड १४३२॥ पारदाव

वैद्यकीबरोबर ऑर्टा जडीबुटी, मसाले आणि जवाहीर यांचा व्यापार करीत असे. या कमाईच्या आणि सरकारदरबारी असलेल्या वजनाच्या जोरावर १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट खंडाने दिले. खंड ठरला वर्षाला १४३२॥ पारदाव. साष्टी यात नव्हती. तिथली गावे इतर पोर्तुगीज मानकऱ्यांना वाटलेली होती. ऑर्टाकडे होते ते खाडीच्या पलीकडचे मूळ मुंबई बेट.

तो स्वतः राहिला गोव्यातच. बेटाची व्यवस्था पाहण्यासाठी त्याने सिमाँव तोस्कानु नावाचा कूळ ठेवला होता. या तोस्कानुचे नाव इतिहासात राहिले ते आंब्यांमुळे. ऑर्टाच्या पुस्तकात आंब्याचे प्रकरण सुरू होते तेच मुळी मुंबईहून आलेल्या आंब्यांच्या करंडीने. दारात माणूस आला आहे, तोस्कानुने बेटावरचे आंबे आणले आहेत, असा तो प्रसंग आहे. आपल्या त्या बेटावर वर्षातून दोनदा फळ देणारे एक आंब्याचे झाड आहे, असेही ऑर्टा अभिमानाने सांगतो.

समुद्रकाठी त्याचा वाडा होता. पुढे इंग्रजांनी जिथे बॉम्बे कॅसल उभारला तोच हा वाडा, असे इतिहासकार मानतात. आज एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमागे नौदलाचे 'आंग्रे' ठाणे आहे, ती ही जागा. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला तोही इथेच. त्यानंतर १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हेच बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले. ऑर्टा त्याआधी शंभर वर्षे मातीआड झालेला होता.

माल हातात घेऊन पाहणारा

ऑर्टाची खरी कमाई बेट नव्हे, त्याचे पुस्तक. हिंदुस्थानातील वनौषधी आणि जिनसांविषयीचे संवाद, असा त्याच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ आहे. १० एप्रिल १५६३ रोजी ते गोव्यात छापून निघाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. छपाईच्या चुका इतक्या झाल्या की शेवटी शुद्धिपत्राची भली मोठी यादी जोडावी लागली.

पुस्तकाची रचना सवाल-जवाबाची आहे. रुआनु नावाचा एक विद्वान युरोपातून नुकताच आला आहे. जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे ते तो सांगतो. ऑर्टा त्याला म्हणतो, ग्रंथ राहू दे, ही जिनस पाहा. रुआनु हे पात्र ऑर्टाने कल्पनेने उभे केले आहे. वेलची, लवंग, मिरी, सुपारी, हिंग, कापूर, आले, जायफळ, हिरडा, चिंच, अफू, भांग, फणस, आंबा, हिरे, अशी पन्नासहून अधिक प्रकरणे आहेत. प्रत्येक जिनसेला अरब काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनी माणूस आणि मलबारी काय म्हणतो, ती कोठून येते, कोठे जाते, कोणती चांगली आणि कोणती हलकी, हे तो सांगतो. मसाल्याच्या पेढीवर बसलेल्या माणसाची ही वही आहे, फक्त ती वैद्याच्या हातून लिहिली गेली.

एक उदाहरण देतो. आपले हकीम ज्याला तबाशीर म्हणतात आणि वैद्य वंशलोचन म्हणतात, ती जिनस बांबूच्या पोकळीत जमते. इब्न सीनाने तिच्याविषयी लिहिले. पण त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करणाऱ्याने त्या जागी 'स्पोडियम' हा शब्द टाकला, म्हणजे भलतीच एक राख. नाव बदलले आणि शेकडो वर्षे युरोपातले वैद्य तबाशीर समजून दुसरेच काही देत राहिले. ऑर्टाने बांबूतला माल पाहिला, व्यापाऱ्यांना विचारले आणि लिहिले की दोष इब्न सीनाचा नाही, भाषांतराचा आहे. अरबस्तान-इराणकडे हीच जिनस चांदीच्या वजनाने विकली जाते, हेही त्याने नोंदवले.

आमच्या कापडबाजारात ही गोष्ट रोजची आहे. तरुणपणी मी एका पेढीवरून शंभर टक्के सुती असा छाप असलेले काही तागे उचलले. छाप वाचला, सूत पाहिले नाही. पहिल्याच उन्हाळ्यात गिऱ्हाइके परत आली. तेव्हा वडिलांनी कडेचा एक धागा काढून काडीने पेटवला. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. हा धागा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. वडील एवढेच म्हणाले, "बेटा, छाप विकत घेतलास, कापड नाही." ऑर्टाचे तबाशीरचे प्रकरण पुढे वाचले तेव्हा मला ती गोळी आठवली.

हिऱ्याबद्दलही असेच. हिरा घणाने फुटत नाही, बोकडाच्या रक्तात भिजवला तरच फुटतो, असे युरोपचे जुने ग्रंथ सांगत. ऑर्टा जवाहिराच्या धंद्यातला. हातोडीने हिऱ्याचा सहज चुरा होतो, हे त्याला ठाऊक होते आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले. हिंगाच्या प्रकरणात तर खास सौदागरी किस्सा आहे. विजयनगरच्या राजाला विकायला एका पोर्तुगीजाने उमदा घोडा नेला, पण पोटफुगीमुळे राजा तो घेईना. त्याने घोड्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि चांगल्या किमतीला गेला.

महामारीचेही प्रकरण त्यात आहे. या रोगाचा रोगी बहुधा एका दिवसात जातो, काही तर दहा तासही टिकत नाहीत, असे ऑर्टाने आपल्या डोळ्यांनी पाहून लिहिले. हिंदुस्थानातील कॉलऱ्याचे कोणा युरोपीय वैद्याने केलेले हे सर्वात जुन्या वर्णनांपैकी एक समजले जाते. त्याने दिलेली नावे पाहा. इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात, म्हणजे आपली मराठी मोडशी. अरबांचा शब्द त्याने दिला आहे तो आपल्या उर्दूतल्या हैजाचाच भाऊ. उर्दू शाळेत शिकून मराठी बाजारात वाढलेल्या माझ्यासारख्याला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज पुस्तकात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी भेटतात, तेव्हा घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

ऑर्टा सर्वच बाबतीत बरोबर होता असे नाही. काळी मिरी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे तो समजला. खरे तर वेल एकच. पिकलेल्या दाण्याचे साल काढले की पांढरी मिरी होते. पण चूक असो की बरोबर, त्याने कोणाकडून ऐकले आणि स्वतः काय पाहिले, हे तो बहुतेक ठिकाणी सांगतो. म्हणूनच पुढच्यांना त्याची चूक दुरुस्त करता आली.

ज्ञान कोणाचे?

हे सगळे त्याला कोणी सांगितले? दरबारी हकिमांनी सांगितले, तसेच बाजारातल्या माणसांनीही. गोव्याचा मालुपा नावाचा हिंदू वैद्य त्याच्या पुस्तकात आहे. गुजरातचे वाणी, खुरासानचे सौदागर, कोचीनकडचे व्यापारी आहेत. घरातली नोकर अंतोनिया आहे, जी हाक मारताच झाडपाला आणून दाखवते. ऑर्टाने ही माणसे झाकली नाहीत. आणखी एक गोष्ट त्याने केली. विद्वानांची भाषा लॅटिन. तिच्यात लिहिता येत असूनही त्याने साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिले, म्हणजे जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

पुस्तक दूरवर गेले. क्लुसिउस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या हाती ते पोर्तुगालच्या प्रवासात लागले. त्याने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि १५६७ मध्ये अँटवर्प येथे छापला. त्या सारांशातून युरोपला आपल्या हिंग-हिरड्याची खरी ओळख झाली. ऑर्टाच्या पुस्तकाच्या आरंभी लुईश द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची एक कविता आहे. छापून आलेली ही त्याची पहिली कविता मानली जाते.

हाडांनाही सोडले नाही

ज्याने प्रत्येक जिनसेचे खरे नाव शोधून लिहिले, त्याला स्वतःच्या घराचे मूळ मात्र उभ्या आयुष्यात उघड सांगता आले नाही. त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाने पकडले होते. सुटल्यावर त्या आईसह गोव्याला त्याच्या आसऱ्याला आल्या. पण १५६० साली धर्मन्यायालय गोव्यातही आले. ऑर्टाचे पुस्तक निघाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. वैद्य म्हणून असलेला मान आणि वरच्या लोकांची ओळख यांच्या आडोशाने तो शेवटपर्यंत वाचला. १५६८ मध्ये तो गोव्यात वारला.

आडोसा गेला आणि वर्षभरात घरावर घाला आला. बहीण कातारीना हिला चोरून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर खुद्द ऑर्टावर, मेलेल्या माणसावर, खटला चालला. डिसेंबर १५८० मध्ये त्याची हाडे कबरीतून उकरून काढली आणि जाहीरपणे जाळली. ज्या हाताने व्हाइसरॉयांची नाडी पाहिली, त्या हाताची हाडेही त्यांच्या राज्यात मातीत राहू दिली गेली नाहीत. ज्याच्या औषधाने आपण बरे झालो, त्याचा धर्म विचारून पुढे त्याची कबर उकरणारी सत्ता किती कृतघ्न म्हणावी, हे वाचकांनीच ठरवावे. पणजीत चर्चसमोरच्या पालिका उद्यानाला पोर्तुगीजांनी पुढे याच माणसाचे नाव दिले, पण ते फार उशिरा.

आपल्या वहीत काय आहे?

बेट गेले, पारदाव गेले, वाड्यावर दुसऱ्यांचा किल्ला चढला, कबरही राहिली नाही. राहिली ती फक्त वही. विचारून, पाहून, पारखून जे लिहिले तेवढे जाळता आले नाही, कारण तोपर्यंत ते छापून दूर गेले होते.

मला घाटकोपरचे एक रंगरेज चाचा आठवतात. माझ्या लहानपणी वडील त्यांच्याकडे कापड रंगवायला देत. हौदाच्या वासावरून ते सांगत की आज रंग धरणार नाही. कच्चा रंग आणि पक्का रंग चिमटीत धरून ओळखत. कोणत्या पाण्यात कोणता रंग बसतो, पावसाळ्यात तुरटी किती वाढवायची, हे सगळे त्यांच्या डोक्यात. ते गेले, हौद बुजवले गेले, आता तिथे इमारत आहे. मुलांनी दुसरे धंदे धरले, यात त्यांचा दोष नाही. पण आम्ही कोणी एक कागद घेऊन चाचांपुढे बसलो नाही. मी शिकलेला होतो, लिहू शकत होतो, बसलो नाही. हा माझा तोटा कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.

आज आपल्या उपनगरांत जरीवाले आहेत, चामड्याचे काम करणारे आहेत, अत्तार आहेत, सुतार आहेत. प्रत्येकाच्या घरात एखादा म्हातारा उस्ताद आहे, ज्याला मालाची जात, हत्याराचे नाव, जुने माप आणि त्याचे कारण ठाऊक आहे. कोणत्या शब्दाला गुजराती व्यापारी काय म्हणतो आणि दख्खनी कारागीर काय म्हणतो, तेही ठाऊक आहे. शाळेतली शंभर पानी वही यासाठी पुरे. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, जसे बोलता तसे लिहा. सांगणाऱ्याचे नाव लिहा. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे ठेवा. चूक होईल तर होऊ द्या, पुढचा माणूस दुरुस्त करील. मिरीच्या बाबतीत ऑर्टाचीही झालीच होती.

येत्या जुम्याला दुकान बंद केल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे वही घेऊन बसा, आणि पहिला प्रश्न ऑर्टासारखाच विचारा : याला तुमच्यात काय म्हणतात?